बेळगाव-खानापूरकडे फोटोग्राफीला निघताना: अवचित क्षणासाठी कॅमेरा आणि माणूस कसा तयार ठेवायचा

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबी-चोर्ल्याचा घाटमाथा आहे. तिथं जुलैत दिवसदिवस पाऊस थांबत नाही. ईशान्येला गोकाक ओलांडून रायबाग-अथणीकडे गेलात की त्याच दिवशी कोरडं आभाळ, वारा आणि उसाचे मळे दिसतात. ओल्या घाटापासून पर्जन्यछायेपर्यंतचा हा उतार एका दिवसाच्या गाडीप्रवासात मावतो. इथल्या फोटोग्राफीची खरी कळ यातच आहे. धुकं फाटणं, इंद्रधनुष्य उमटणं, ढगाखालून उन्हाची तिरीप येणं या गोष्टी आपण ‘अचानक’ म्हणतो. पण त्या कुठल्या ऋतूत, कुठल्या वेळी आणि कुठल्या दिशेला घडू शकतात, हे बरंचसं आधी ओळखता येतं. नेमका क्षण तेवढा आपल्या हातात नसतो. म्हणून तयारी दोन गोष्टींची करायची: योग्य जागी, योग्य दिशेला तोंड करून उभं राहायचं, आणि क्षण आला की पाच सेकंदांत शटर दाबता यायला हवं.

आदल्या संध्याकाळी: दिशा आणि वेळ

आधी सूर्य पाहा. बेळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला असल्यामुळे इथं सूर्य डोक्यावर यायला साडेबारा होतात. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सातनंतर होतो. जानेवारीच्या मध्याला सूर्योदय सात वाजून गेल्यावर. जूनमध्ये सूर्य नेमक्या पूर्वेच्या सुमारे २४ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. म्हणजे डिसेंबरात हेरून ठेवलेली सूर्योदयाची जागा जूनमध्ये उपयोगाची राहीलच असं नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर असतो. या काळात दहा ते तीन उघड्या माळावर कॅमेरा काढण्यापेक्षा जंगलातल्या सावलीत ओहोळ, शेवाळ, झाडांच्या साली टिपाव्यात.

मग ढग. हवामान खात्याचं उपग्रहचित्र उघडा आणि आपल्या गावावर नव्हे, तर सूर्य जिकडून येणार तिकडच्या दोनशे-तीनशे किलोमीटरवर नजर टाका. सूर्य क्षितिजाला असताना त्याचा उजेड ढगाखालून तिरका आत शिरावा लागतो, तरच ढगाचं पोट रंगतं. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेला अरबी समुद्रावर बहुतेक वेळा ढगांचा जाड थर असतो, त्यामुळे संध्याकाळचे रंग क्वचित मिळतात. पूर्वेला, गोकाक-बागलकोटच्या बाजूला मात्र ढग तुटक असण्याची शक्यता जास्त. म्हणून पावसाळ्यात पहाट निवडा. लोक नेमकं उलटं करतात: दुपारी जेवून निघतात, चोर्ल्याला पाचला पोचतात आणि करड्या पडद्याचे फोटो घेऊन परततात.

इंद्रधनुष्याचा हिशेबही इथंच करून टाकायचा. सूर्य पाठीशी आणि पाऊस समोर, ही पहिली अट. दुसरी अट सूर्याच्या उंचीची. तो ४२ अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून पावसातलं इंद्रधनुष्य दिसत नाही. ऑगस्टमध्ये इथं सूर्य सकाळी साधारण सव्वानऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर या मर्यादेच्या खाली असतो. घड्याळ नको असेल तर स्वतःची सावली बघा: ती तुमच्या उंचीपेक्षा थोडी लांब असली की कमान शक्य आहे. पावसाळ्यात सकाळी पूर्वेला ऊन आणि पश्चिमेच्या डोंगरांवर सर, त्यामुळे कमान जांबोटीच्या बाजूला उभी राहते. एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात उलटं घडतं: दुपारनंतर सर पूर्वेकडे सरकते, पश्चिमेचं ऊन मोकळं होतं आणि कमान पूर्वेला दिसते. राजहंसगडासारख्या चहूबाजूंनी मोकळ्या जागेचा फायदा हाच. शहरापासून फक्त १५ किलोमीटरच्या आसपास, आणि दोन्ही दिशा नजरेत.

कधी कुठं

जून ते सप्टेंबर घाटमाथा: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. पाणी टिपायचं तर घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा (सुमारे ५२ मीटर उंच) आणि मार्कंडेय नदीवरचं गोडचिनमलकी. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, फुलं येतात: सीतेची आसवं, गेंद, कवला. नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे राकसकोप आणि हिडकल धरणांच्या पाण्यावरून वाफ उठते, आणि निपाणी, चिकोडी, रायबागकडे उसाला तुरे येतात. मार्च महिना आकाशगंगेसाठी. मेअखेर ते पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीपर्यंत काजवे.

उसाच्या तुऱ्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण हा विषय हाताशी असून फार कमी लोक टिपतात. तुरे पुढून उजेड पडला की मळकट पांढरे दिसतात आणि मागून पडला की पेटतात. म्हणून सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, सूर्य एखाद्या तुऱ्याआड लपवायचा, ७० ते २०० मिमीची लेन्स लावायची आणि एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). ऊसतोडीच्या गाड्यांनी उडवलेली धूळ चौकटीत आली तर ती टाळू नका, तीच उजेडाचे पट्टे दाखवते. उसात मात्र शिरायचं नाही. बांधावरूनच काम होतं, आत साप असतात, आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावरही चढू नये.

परवानगी आणि पोच

भीमगड अभयारण्यात आणि खानापूर तालुक्यातल्या राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. वज्रपोहासारखे आतले धबधबे पावसाळ्यात बंद असू शकतात, म्हणून निघण्याआधी खानापूर किंवा कणकुंबीच्या वनकार्यालयात चौकशी करा. भीमगडमधल्या बारापेडे गुहा रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळांसाठी ओळखल्या जातात. जगात ही जात मोजक्याच ठिकाणी सापडली आहे. तिथं फ्लॅश मारत गुहेत जाण्याचा विचारही करू नये. अभयारण्यात ड्रोन नको. सांबऱ्याचा विमानतळ आणि शहरातला लष्करी भाग लक्षात घेऊन इतरत्रही उडवण्याआधी ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. धरणाच्या भिंतीवर फोटोला मनाई असेल तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका, पाणलोटाच्या काठावरून चित्र जास्त चांगलं मिळतं.

जांबोटी सोडल्यावर मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका. नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि कुठं जातोय, किती वाजता परतणार हे घरी लिहून पाठवा. खानापूरकडच्या खेड्यांत मराठी सर्रास चालते. गोकाक-सौंदत्तीकडे कन्नड येणारा एखादा सोबती असला की वाट, पाण्याची पातळी, गव्यांचा वावर अशा खबरी चटकन मिळतात.

पिशवीत काय

एक बॉडी, दोन लेन्स: १६-५० किंवा १८-५५ मिमी आणि ७०-३०० मिमी. पावसात लेन्स बदलायची नाही, म्हणून निघतानाच ठरवा आज कुठली लावायची. घाटात धुकं असेल तर लांब पल्ल्याची लेन्स जास्त कामाला येते. एकामागे एक विरत जाणाऱ्या रांगा आणि एकटं झाड तिच्यातच नीट बसतं.

मायक्रोफायबरची चार-पाच फडकी वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत ठेवा. एकच फडकं भिजलं की तासाभरात काम थांबतं. लेन्स हूड, सर्क्युलर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर), सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच), दोन बॅटऱ्या, शॉवर कॅप (कॅमेऱ्यावर घालायला, दहा-वीस रुपयांत याहून चांगलं कव्हर मिळत नाही), मोठी छत्री, डोक्याचा टॉर्च. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे आणि फडक्यात बांधलेलं मीठ किंवा तंबाखूची पूड. चिकटलेली जळू ओढून काढू नका, मीठ लावलं की सोडते. ओढली तर जखम चिघळू शकते.

ट्रायपॉड हलका असला तरी चालेल, पण पायांचे सर्वांत बारीक खालचे भाग शक्यतो उघडू नका. मधला दांडा वर काढला की वाऱ्यात कॅमेरा हलतो. तोही खालीच ठेवा आणि आकड्याला पिशवी अशी टांगा की ती जमिनीला टेकेल. लोंबकळणारी पिशवी वाऱ्यात झुलून उलट कंप वाढवते.

गाडीतून उतरण्याआधी

एसी बंद करा आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं काचा खाली करून चला. थंड झालेली लेन्स घाटातल्या दमट हवेत काढली की तिच्यावर बाष्प धरतं. पुसलं की पुन्हा धरतं, आणि नेमक्या त्या वेळी समोर धुकं फाटतं. एसी चालूच ठेवावा लागला तर कॅमेरा बंद पिशवीत डिकीत ठेवा.

आता सेटिंग. हा भाग कंटाळवाणा आहे, पण बहुतेक अवचित फोटो इथंच हुकतात. रात्री तारे टिपून आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर, मॅन्युअल फोकसवर, दोन सेकंदांच्या टायमरवर सोडलेला कॅमेरा सकाळी तसाच बाहेर येतो. म्हणून प्रत्येक वेळी कॅमेरा पिशवीत घालताना तो ‘मूळ जागी’ आणायचा:

१. ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/८.
२. ऑटो आयएसओ, कमाल ३२०० (नव्या कॅमेऱ्यात ६४००), किमान शटर १/२५०.
३. ऑटोफोकस, मधला एक बिंदू.
४. सलग शूटिंग, टायमर बंद, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्य.
५. रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) किंवा रॉ अधिक जेपेग.

मोड डायलवर सी१, सी२ (आपली सेटिंग साठवायच्या जागा) असतील तर सी१ वर हे साठवा. सी२ वर प्राण्या-पक्ष्यांसाठी शटर १/१०००, ॲपर्चर पूर्ण उघडं, सतत फोकस. मग मोर रस्ता ओलांडताना मेनू शोधावा लागत नाही, नुसती डायल फिरवायची. फोनवाल्यांनी बाजूचं बटण दोनदा दाबून कॅमेरा उघडण्याची सोय असेल तर ती चालू करावी, आणि बोट दाबून धरत फोकस-एक्स्पोजर लॉक करून उजेड वरखाली करण्याची सवय लावून घ्यावी.

पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल तर फोकस अनंतावर ठेवू नका. १८ मिमी लेन्स, एपीएस-सी (लहान सेन्सरची) बॉडी, एफ/८ असताना सुमारे २ मीटरवर फोकस केलंत की १ मीटरपासून क्षितिजापर्यंत चालतं. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) २४ मिमी, एफ/११ ला तो आकडा सुमारे पावणेदोन मीटर. एफ/२२ वर मात्र जाऊ नका, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे) सगळंच चित्र मऊ पडतं.

क्षण आल्यावर

पहिला फोटो लगेच. चौकट वाकडी असली तरी. मग हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहा, उजव्या भिंतीला आपटत असेल तर एक्स्पोजर कमी करा आणि दुसरा घ्या. तिसऱ्या फोटोसाठी चौकट नीट करा, चौथ्याला ट्रायपॉड. आधी ट्रायपॉड उघडणारा माणूस बहुधा ओलं, रिकामं आभाळ टिपतो.

*धुकं.* कॅमेऱ्याला धुकं राखाडी करायचं असतं. दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून झाडाच्या खोडाची किंवा कड्याची कडा पकडा आणि फोकस तिथंच लॉक करा. घाटात धुकं लाटांनी येतं. एकदा उघडलं तर पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा उघडण्याची शक्यता असते, म्हणून चौकट लावून तिथंच थांबणं जागा बदलत पळण्यापेक्षा फायद्याचं.

*इंद्रवज्र.* चोर्ल्याच्या पश्चिमेकडच्या कड्यावर सकाळी सूर्य पाठीशी आणि खाली दरीत धुकं असेल तर स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ दिसू शकतं. राजहंसगडावरही पायथा धुक्यात बुडाला की हीच रचना जमते. वर्तुळ लहान असतं, साध्या ५० मिमीत मावतं. प्रत्येकाला ते आपल्याच डोक्याभोवती दिसतं, त्यामुळे मित्राच्या सावलीभोवती टिपायला जाऊ नका.

*इंद्रधनुष्य.* पूर्ण कमानीचा पसारा ८४ अंशांपर्यंत असतो. एपीएस-सीवर १८ मिमीत ती मावत नाही. उभे फोटो एकतृतीयांश आच्छादन ठेवून पॅनोरमासाठी घ्या, किंवा फोनची ०.५ लेन्स वापरा. इंद्रधनुष्याचा उजेड ध्रुवीकृत असतो: पोलरायझर एका बाजूला फिरवला तर कमानीच्या एका भागाचे रंग गडद होतात, नव्वद अंश फिरवला तर तोच भाग नाहीसा होतो. घाईत असाल तर तो काढूनच टाका. गोकाकला काठावरून खाली तुषारांकडे पाहत असल्याने सूर्य बराच वर असतानाही कमान दरीत दिसू शकते. सूर्य पाठीशी येईल अशी जागा काठाने चालत शोधायची, एवढंच.

*धबधबा.* दुधाळ पाण्याची हौस सगळ्यांनाच असते. बारीक धारांना पाव ते एक सेकंद छान दिसतो. १/१५ सेकंदाचं एक्स्पोजर सहा स्टॉपच्या एनडीने चार सेकंदांचं होतं, पण तेवढं क्वचितच लागतं. जुलै-ऑगस्टच्या लाल पुरात गोकाकला लांब एक्स्पोजर दिलंत तर प्रपाताचा ओतलेला चहा होतो. तिथं १/५०० ते १/१००० ठेवा, पाण्याचे उडणारे गड्डे दिसू द्या. झुलत्या पुलावर जाऊ देत असतील तरी तिथं ट्रायपॉड लावू नका, माणसं चालली की पूल हलतो.

*वीज.* वळवाच्या रात्री पूर्वेकडच्या मोकळ्या रानावर दूरचं वादळ दिसत असेल तर आयएसओ १००-२००, एफ/८, फोकस हातानं दूरच्या दिव्यावर, १५ ते २० सेकंदांची एक्स्पोजर सलग. लखलखाट आणि गडगडाट यांतलं अंतर मोजा: तीन सेकंदांना एक किलोमीटर. अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की गाडीत बसा, काचा बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उतरू नका. गडावर, एकट्या झाडाखाली किंवा ट्रायपॉडला खेटून थांबायचं नाही. राजहंसगडावरून वीज टिपायचा मोह कितीही झाला तरी नाही म्हणजे नाही.

*गवे.* जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर पहाटे आणि तिन्हीसांजेला गवा समोर येऊ शकतो. गाडी थांबवा, हॉर्न आणि फ्लॅश नको, उतरू नका. आडवा उभा राहून अंग दाखवू लागला, फुत्कारला, मान खाली घातली तर इशारा समजून हळू मागं घ्या. पायी असाल तर कॅमेरा खाली करा आणि त्याची वाट मोकळी करा.

*काजवे आणि तारे.* काजव्यांसाठी एफ/१.८ ते २.८, आयएसओ १६००, ट्रायपॉड न हलवता १५-३० सेकंदांचे तीस-चाळीस फोटो, आणि घरी फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ‘लायटन’ मोडमध्ये (उजळ ठिपके तेवढे टिकतात) एकावर एक. टॉर्च, गाडीचे दिवे, फोनचा पडदा, सगळं बंद. उजेडात काजवे लुकलुकणं थांबवतात आणि बाकीच्यांची रात्रही वाया जाते. आकाशगंगेचा मध्यभाग मार्चअखेर रात्री साडेबाराच्या सुमारास उगवतो, अडीचनंतर नीट वर येतो आणि दक्षिणेला जास्तीत जास्त ४५ अंश चढतो. जांबोटी शहराच्या नैर्ऋत्येला असल्यामुळे बेळगावचा उजेड पाठीमागे राहतो. १८ मिमी, एपीएस-सीवर १८ सेकंदांच्या पुढे गेलात तर तारे रेघा होतात.

*सड्यावरची फुलं.* उघड्या दगडावर पाय ठेवत चला, ओल्या शेवाळाच्या गादीवर नाही. फुलं बोटभर उंचीची असतात, म्हणून कॅमेरा जमिनीला टेकवा, शटर किमान १/२००, आणि ऊन असेल तर पांढऱ्या छत्रीची सावली करा. फूल तोडून ‘चांगल्या’ दगडावर ठेवलेले फोटो जाणत्याला लगेच ओळखू येतात. बेडूक आणि सापांनाही हे लागू. पावसाळी रात्री चापडा हा विषारी साप फांदीवर, दगडाच्या कपारीत निवांत बसलेला असतो. हात किंवा ट्रायपॉडचा पाय कुठंही टेकवण्याआधी टॉर्च मारा.

पाण्याजवळ

ओहोळात उतरताना पाण्याच्या कडेला एक खडा ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तो पाहा. खडा बुडाला, पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज जड झाला, तर त्याच क्षणी वर चढा. सामान राहिलं तर राहू द्या. तुमच्यावर ऊन असताना वरच्या पाणलोटात ढग फुटलेला असू शकतो. गोकाकला हिडकलचा विसर्ग वाढला की पाऊस नसतानाही पाणी वाढतं. काठाचा खडक गुळगुळीत आणि शेवाळलेला असतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एकही पाऊल टाकायचं नाही: आधी डोळा काढा, मग पाय हलवा.

घरी आल्यावर

ट्रायपॉडचे पाय उघडून चिखल धुवा आणि उघडेच सुकवा. कार्ड लगेच दोन ठिकाणी उतरवा. कॅमेरा ओल्या पिशवीत रात्रभर राहू देऊ नका: बाहेर काढून पुसा, पंख्याखाली तासभर ठेवा, मग हवाबंद डब्यात. बेळगावच्या चार महिन्यांच्या दमटपणात उघड्या कपाटातल्या लेन्सला बुरशी धरतेच. साध्या झाकणाच्या घट्ट डब्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर गेला की जेल मंद आचेवर कढईत परतून, थंड करून पुन्हा भरा. रंग बदलणारं जेल मात्र खाण्याच्या भांड्यात तापवू नका. महिन्यातून एकदा लेन्स टॉर्चसमोर धरून आतून पाहा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि धागे काचेला खायच्या आत दुरुस्तीला द्या.